जुन्या पिकअपचे मागचे पाटे: आधी मोजा, मग पाटा वाढवा

जुनी पिकअप मागून बसली की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: "एक पाटा वाढवून टाका." कधी ते बरोबर असतं. पण पुष्कळ वेळा गाडीला जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) नकोच असतो, आहेत त्या पाट्यांची गेलेली कमान परत हवी असते. हा फरक न बघता पाटा वाढवला तर रिकामी गाडी उड्या मारते, मेन पाटा (सगळ्यात वरचा, गाडीला जोडलेला) तुटतो, आणि माल भरल्यावर गाडी तरी बसतेच. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधी मोजमाप आहे, आणि त्यावर बऱ्यापैकी जागा खर्च केली आहे. लेख बोलेरो पिकअप, टाटा २०७ यांसारख्या गाड्यांच्या मागच्या बाजूसाठी आहे, जिथे पाट्यांचा सेट ॲक्सलच्या वर बसतो आणि यू-बोल्टने आवळलेला असतो. पुढच्या पाट्यांना नवख्याने हात लावू नये. तिथे स्टिअरिंगचा संबंध येतो.

आधी कायद्याचं

पाटा वाढवला म्हणून गाडीचं पासिंग वाढत नाही. आरसी बुकावर जे एकूण वजन लिहिलेलं आहे, तेवढंच चालतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. दंड बाजूला ठेवला तरी ब्रेक, टायर, चाकाचे बेअरिंग आणि ॲक्सल तेवढेच राहतात. दणकट पाट्यांवर जादा माल बसलेला दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक. खाली दिलेलं सगळं काम पासिंगइतका माल गाडीने नीट पेलावा यासाठी आहे.

गाडी बसली म्हणजे नक्की काय झालं?

पाटा म्हणजे स्प्रिंग स्टीलची पट्टी. वर्षानुवर्षं माल वाहून तिची कमान उतरते, पण स्टीलचा कडकपणा कमी होत नाही. म्हणजे बसलेला पाटा 'मऊ' झालेला नसतो. तो आता खालच्या उंचीवरून काम सुरू करतो, एवढंच. तेवढ्याच वजनाला तो पूर्वीइतकाच दबतो, पण खाली जागाच उरलेली नसल्यामुळे बंप स्टॉपवर (ॲक्सलला अडवणाऱ्या चेसिसच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो.

हे ओळखायला सिमेंटच्या १० गोण्या पुरतात. ५० किलोची एक, म्हणजे ५०० किलो. गाडी सपाट जागेवर उभी करा, चारही टायरची हवा बरोबर करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर बॉडीच्या एका ठरावीक कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजला असला की आकडा फसवतो. हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) आणि बंप स्टॉपच्या रबरातली मोकळी जागाही लिहून ठेवा. मग गोण्या थेट मागच्या ॲक्सलच्या वर रचा. केबिनजवळ ठेवल्या तर वजन पुढच्या चाकांकडे वाटलं जातं. गाडी चार हात पुढेमागे हलवा, म्हणजे पाटे मोकळे होऊन खरे बसतात, आणि पुन्हा मोजा.

समजा गाडी ५० मिमी खाली आली. प्रत्येक बाजूवर २५० किलो आले, म्हणजे पाटा मिलिमीटरला ५ किलो उचलतो. १,००० किलोला ती १०० मिमी दबेल. रिकाम्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत ११० मिमी जागा असेल तर माल भरल्यावर १० मिमी उरली. खड्ड्यात ती आदळणारच.

आता तोच आकडा तुमच्याच मॉडेलच्या, चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या गाडीशी पडताळा. दोन्ही गाड्या तेवढ्याच दबत असतील पण तुमची रिकामी असतानाच खाली असेल, तर कमान उतरली आहे. उपाय नवे पाटे किंवा कमान परत देणं. तुमची एकच बाजू जास्त दबत असेल तर तिथे बहुतेक पाटा तुटलेला आहे, उघडल्यावर सापडेल. उंची ठीक असून पासिंगच्या मालाला गाडी फार दबत असेल, तरच पाटा वाढवायचा विचार करा.

कमान मारून घ्यावी का?

पाटेवाल्याकडे घणाने ठोकून थंड पाट्याला कमान देतात. काम स्वस्त आहे, गाडी त्याच दिवशी वर दिसते, पण बहुतेक वेळा कमान टिकत नाही आणि घणाच्या वळातून पुढे तडा सुरू होऊ शकतो. गॅसने तापवून वाकवणं त्याहून वाईट: तिथलं पाणी (तापवून-विझवून दिलेला टणकपणा) उतरतं आणि पाटा त्याच जागी मऊ पडतो किंवा तुटतो. भट्टीत पूर्ण लाल करून, वाकवून, तेलात विझवून, मग पुन्हा मोजक्या उष्णतेवर तापवून पाणी देणारं (टेम्परिंग करणारं) दुकान जवळ असेल तर काम करून घ्या. नसेल तर नवा मेन पाटा आणि नवा दुसरा पाटा घालणं शहाणपणाचं. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असेल तर गाडी तिरकी उभी राहते.

वाढवायचा पाटा कसा निवडायचा

इथे एक हिशोब लक्षात ठेवा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. समजा ८ मिमीचे ५ पाटे आहेत. ८ चा घन ५१२, पाचांचे २,५६०. त्यात ८ मिमीचा आणखी एक घातला तर ३,०७२, म्हणजे साधारण २० टक्के वाढ. वरच्या उदाहरणात १,००० किलोला गाडी १०० ऐवजी ८३ मिमी दबेल. तोच जादा पाटा १० मिमीचा घेतला तर बेरीज ३,५६० होते, म्हणजे जवळजवळ ४० टक्के. आखूड पाट्याचा वाटा याहून थोडा कमी असतो, पण अंदाजाला हिशोब पुरतो.

जाड पाट्याचा मोह याच ठिकाणी होतो. पण सगळे पाटे एकत्र वाकतात, आणि तेवढ्याच वाकण्याला १० मिमीच्या पाट्यावर ८ मिमीच्यापेक्षा सव्वापट ताण येतो. म्हणून मिश्र सेटमध्ये तोच जाड पाटा आधी तुटतो. नियम साधा: वाढवायचा पाटा सेटमधल्या पाट्यांइतकाच जाड, किंवा किंचित पातळ. रुंदी हुबेहूब तीच. स्टील स्प्रिंगचंच, भंगारातली पट्टी नको.

लांबी: तो ज्या दोन पाट्यांच्या मधे बसणार, त्यांच्या मधली. सहसा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. टोकं पायरीपायरीने कमी होत गेली पाहिजेत. दोन पाट्यांची टोकं एकाच जागी आली तर वरच्या पाट्यावर त्या रेघेत घाव बसतो.

कमान: खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला हवा. सुटे पाटे एकावर एक ठेवले तर टोकं टेकतात आणि मध्यभागी थोडी फट राहते. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. सेंटर बोल्ट (सगळ्या पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा) आवळला की फट मिटते आणि मेन पाटा मालाच्या उलट दिशेने आधीच थोडा ताणला जातो. मग माल आल्यावर त्याच्यावरचा ताण कमी भरतो. मेन पाट्यालाच ब्रेकचा आणि वळणाचा ओढाही सोसावा लागतो, म्हणून त्याला ही सवलत हवी. उलट, सरळ पाटा वाढवला तर तो मध्यभागी टेकून टोकं मोकळी सोडतो, आणि ठराविक दबावानंतर एकदम कामाला लागतो. चालकाला तो धक्का कमरेत कळतो.

मधलं भोक ड्रिलने पाडलेलं बघून घ्या. गॅसने कापलेलं भोक म्हणजे तड्याचं बी. कडा हाताला बोचत असतील तर ग्राइंडरने गोल करून घ्या, खास करून टोकांच्या खालच्या-वरच्या कडा.

सामान

दोन बाजूंसाठी: जादा पाटे २, हाय टेन्साइल सेंटर बोल्ट २ नटांसह, नवे यू-बोल्ट ४, त्यांचे नट ८ आणि वॉशर, पाट्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा ४, डोळ्याचे (मेन पाट्याच्या टोकाची गोल वळी) आणि शॅकलचे (मागचा डोळा चेसिसला जोडणारी हलती कडी) बुश पूर्ण सेट. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ते एकदा ताणले गेलेले असतात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. नवे घेताना लांबी जुन्यापेक्षा जादा पाट्याच्या जाडीइतकी वाढवा, म्हणजे ८ मिमीच्या पाट्याला ८ मिमी. नट बसल्यावर ३-४ आटे बाहेर दिसले पाहिजेत. आटे कमी राहिले तर यू-बोल्ट आखूड आहे, बदलून आणा.

हत्यारं: जॅक २, चेसिसखाली लावायच्या घोड्या २, पाने आणि गोट्या (सॉकेट), टॉर्क पाना, मोठे सी-क्लॅम्प २, तारेचा ब्रश, हातोडा, गंजलेल्या नटांसाठी तेल. गंजलेल्या नटांवर तेल आदल्या रात्रीच टाका. कोकणात, समुद्राजवळ चाललेल्या गाडीत शॅकलच्या पिना बुशला इतक्या धरतात की त्यांच्यासाठी वेगळा अर्धा दिवस धरावा.

खोलणं

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. दोन्ही एकदम खोलल्या तर ॲक्सल पुढेमागे सरकतो आणि बसवताना दम निघतो.

पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. मागची चाकं उचला, घोड्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पुढचा डोळा धरणाऱ्या चेसिसवरच्या कंसाच्या) पुढे, चेसिसच्या मजबूत भागाखाली ठेवा. जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, घोड्या बसल्याशिवाय. चाक काढा. हाउसिंगखाली दुसरा जॅक लावून नुसता आधार द्या.

शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. ब्रेकचा रबरी पाइप, हँडब्रेकची केबल, आणि काही गाड्यांत हाउसिंगवरून वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाणारा बारीक रॉड बघून घ्या. ॲक्सल खाली उतरताना यातलं काहीही ताणलं जाता कामा नये. रॉड सोडताना त्याची लांबी टेपने मोजून लिहून ठेवा.

आता यू-बोल्टचे नट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा. जॅक हळूहळू खाली घ्या, ॲक्सल पाट्यापासून सुटेल. मग मागचं शॅकल, शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट. सेट जड असतो, खाली घ्यायला दोघे हवेत.

उघडण्याआधी सेटच्या पुढच्या टोकाला रंगाची खूण करा. कित्येक गाड्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो. सेट उलटा बसला तर ॲक्सल एका बाजूला पुढे जातो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

सेंटर बोल्ट सरळ खोलू नका. सेट दाबाखाली असतो, नट सुटताच पाटे फाकतात आणि बोटं जातात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा, नट काढा, मग क्लॅम्प एकेक फेरा सोडत जा.

पाटा वाचायचा कसा

ब्रशने गंज काढा. प्रत्येक पाट्याच्या टोकाखाली चकचकीत चट्टा दिसतो, तो रोजच्या घासण्याचा. तिथे नखाला खड्डा लागला तर तो पाटा बदलाच, तडा तिथूनच सुरू होतो.

तडे शोधायला रॉकेल किंवा डिझेलने पाटा पुसा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरडा करा आणि वरून खडू घासा. तड्यात मुरलेलं तेल थोड्या वेळात खडूवर बारीक ओल्या रेघेसारखं उमटतं. डोळ्याभोवती आणि मधल्या भोकाजवळ नीट बघा. आणखी एक परीक्षा: पाटा दोरीला टांगून हातोडीने हलका टोला मारा. धड पाटा घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द आवाज देतो.

तुटलेल्या पाट्याच्या खापेवरूनही कारण कळतं. जुना, काळपट गंजलेला भाग आणि त्याच्या शेजारी ताजा करडा भाग दिसला तर तडा खूप दिवसांचा होता, शेवटचा धक्का निमित्त. मधल्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट ढिले होते. मेन पाटा डोळ्याजवळ तुटला असेल तर क्लिपा गेलेल्या किंवा शॉकअप संपलेले असतात. चाक खड्ड्यात सुटतं तेव्हा बाकीच्या पाट्यांची मदत न मिळता सगळा ओढा एकट्या मेनवर येतो. ते कारण न काढता नुसता पाटा बदलला तर नवाही तिथेच तुटेल. आणि पाट्यावर वेल्डिंग कधीही नाही, अगदी तात्पुरतंसुद्धा.

जोडणं

पाट्यांच्या मधे साधं ग्रीस लावू नका. कच्च्या रस्त्याची धूळ त्यात बसली की पॉलिशपेपरसारखं काम करते. ग्रॅफाइट लावा, तेही टोकांच्या घासण्याच्या जागी.

लांब पातळ रॉड भोकांतून घालून पाटे क्रमाने ओवा, सी-क्लॅम्पने आळीपाळीने दाबा, रॉड काढून सेंटर बोल्ट घाला. बोल्टचं डोकं खाली, ॲक्सलच्या बैठकीकडे. क्लिपा घाला, पण पाट्याच्या कडेला करकचून ठोकू नका. पाटे त्यात सरकायला हवेत.

सेट गाडीला लावताना आधी पुढचा डोळा, मग शॅकल. दोन्हींचे बोल्ट हातानेच बसवा, आवळू नका. ॲक्सल जॅकने वर घ्या आणि सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसतंय हे डोळ्यांनी बघा, बोट घालून नाही. ते भोकाच्या कडेवर चढलेलं असतानाच यू-बोल्ट आवळले गेले तर पुढे पकड ढिली होते, डोकं तुटतं आणि ॲक्सल मागे सरकतो.

यू-बोल्टचे चारही नट तिरपे, एकाआड एक, तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टॉर्क कंपनीच्या मॅन्युअलमधला घ्या. हवेच्या बंदुकीने शेवटचं आवळणं नको, चार पायांवर चार वेगळे ताण येतात. झाल्यावर चारही पायांचे बाहेर आलेले आटे जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत.

चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, मागून दोन-चारदा दाबून हलवा. आता डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आवळा. हा क्रम नवख्यांकडून सर्वांत जास्त चुकतो. पाटे लटकत असताना रबरी बुश आवळला तर गाडी खाली येताच तो पिळला जातो, कायम पिळलेलाच राहतो, आणि काही महिन्यांत फाटतो.

चालवण्याआधी बघायच्या गोष्टी

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, पुढची चाकं अगदी सरळ ठेवून. दोन-तीन मिमीचा फरक चालेल, १० मिमीचा फरक असेल तर सेट उलटा आहे किंवा सेंटर बोल्ट भोकात नाही.

ब्रेकच्या व्हॉल्व्हचा रॉड असेल तर तो कंपनीच्या पद्धतीने पुन्हा जुळवून घ्या. हा व्हॉल्व्ह पाटे किती दबले यावरून माल किती आहे हे ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब देतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाटे वाढवल्यावर ब्रेक लांबल्याची तक्रार असेल तर आधी इथे बघा.

गाडी मागून वर आली की हेडलाइट खाली झुकतात, ते सेट करा. क्लच सोडताना खालून थरथर येत असेल तर डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन आणि क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) तपासा.

मग पुन्हा त्याच १० गोण्या, त्याच जागी, आणि तीच मापं. गाडी ठरवल्याइतकी दबते का, बंप स्टॉपशी किती जागा उरते, हे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. साधारण १०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, नंतर ५०० ते १,००० किमीला एकदा. नवे पाटे, रंग आणि गंजाचे पापुद्रे दबून बसतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात पकड हमखास थोडी उतरते.

गाडी मऊ करायची असेल तर

शेतावर किंवा घरच्या कामाला रिकामीच फिरणारी पिकअप दणके देते, म्हणून पुष्कळजण मधला एक पाटा काढून टाकतात. त्याने गाडी बसते आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. त्याआधी सेट उघडून गंज काढा, टोकांना ग्रॅफाइट लावा, शॅकलचे बुश बदला, शॉकअप तपासा आणि टायरची हवा रिकाम्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेली ठेवा. गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे सरकत नाहीत, एका जाड ठोकळ्यासारखे वागतात. एवढं करूनही दणके कमी झाले नाहीत तर सगळ्यात खालचा जाड, सरळ हेल्पर पाटा (गाडी भरल्यावरच कामाला येणारा) रिकाम्या गाडीत टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर तो काढून काहीच फरक पडणार नाही. टेकत असेल तर वरच्या पाट्यांची कमान उतरली आहे, आणि काम पुन्हा पहिल्या मोजमापापासून सुरू करावं लागेल.